ज्या चवींपायी मार खाल्ला

यशवंतराव ढोमणे खवय्ये म्हणून प्रसिद्ध होते. रेल्वेच्या ऑफिसात कुणाकडे पाहुणा आला की त्याला जेवायला कुठे न्यावं, हे आधी यशवंतरावांना विचारलं जाई, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असे. रायपूरच्या गोल बाजाराच्या मागे एक गल्ली आहे. तिथे खाण्याची चार दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. पहिल्यात उडदाचा बडा, त्याला लागून गौतम परातेची सावजी खानावळ, मग तांदळाच्या पिठाचा, धिरड्यासारखा चीला, आणि अगदी कोपऱ्यावर जिलेबी. या गल्लीत खाण्यासाठी लोक भिलाईहून, धमतरीहून येत. यशवंतराव तिथे बाकावर बसले की दुकानदार आपणहून विचारत, "ढोमणे साहेब, आज कैसा बना है?" ते डोळे मिटून घास चावत, सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत, आणि ते मान डोलवत. बाहेर त्यांच्यासारखा गोड माणूस नव्हता.

घरी, पुरानी बस्तीत, ते बायकोला मारत.

त्यांची बायको वनमालाबाई. माहेर तुमसरचं, लग्न होऊन रायपूरला आल्या तेव्हा विशीच्याही नव्हत्या. उंचीने कमी, झपाट्याने काम उरकणाऱ्या, बोलायला फारशा पुढे नसलेल्या. घरातला मार बहुतेक वेळा ताटावरूनच सुरू व्हायचा. एका पोळ्याला त्यांनी बडे केले. यशवंतरावांनी एक तोडला, अर्धा तोंडात टाकला आणि म्हणाले, "हा बडा हाये का गोटा? त्या गल्लीतला एक खाऊन पाय, मंग समजन तुले बडा कशाले म्हणते."

वनमालाबाईंनी सरळ मनाने विचारलं, "मंग नेता का मले एखाद दिवशी?"

उत्तरादाखल पितळी वाटी आली. डावी भुवई फाटली. पाच वर्षांची लेक अनुश्री हळदीचा डबा घेऊन धावत आली, आणि आईच्या डोळ्यात रक्त उतरतंय हे पाहून डबा तिच्या हातून सांडला. त्या सांडलेल्या हळदीसाठी तिलाही एक थोबाडीत बसली.

मटणाच्या रश्शाचं असंच. ते गौतमकडे जेवून आले की घरचा रस्सा त्यांना पाणचट लागे. एका रविवारी त्यांनी उकळता वाडगा उचलला आणि वनमालाबाईंच्या मनगटावर ओतला. "याले रस्सा म्हणते? आता समजलं का, रस्सा कसा झोंबला पाह्यजे?" कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली. चील्याच्या वेळी लोखंडी सराटा पाठीत बसे, त्याच सराट्याने त्या चीला उलटवत असत. जिलेबीवरून मात्र कधी मार पडला नाही, कारण जिलेबी त्यांच्या घरात कधी झालीच नाही.

पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांना ऐकू जायचं. शेजारच्या शर्मिष्ठाताई, सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या, एकदा दारापर्यंत आल्याही. यशवंतरावांनी हसत दार उघडलं आणि त्यांना चहाला बसवून घेतलं. चहा वनमालाबाईंनीच आणला, पदर कानावरून ओढून.

अनुश्री मोठी झाली, शिकली, पुण्याला नोकरीला गेली. तिकडेच लग्न केलं. वडिलांशी ती फोनवर बोलत नसे. आईशी बोले, ते हिंदीत आणि थोडंच.

मग एका सकाळी यशवंतराव आंघोळीला गेले आणि बाहेर आले नाहीत. दार फोडावं लागलं. तेरवीला ऑफिसातले लोक आले, गल्लीतले दुकानदारही आले. ढोमणे साहेबांसारखी जीभ पुन्हा होणार नाही, असं एकेकाने सांगितलं. वनमालाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं नाही. लोकांनी त्याचा अर्थ धक्का बसला असा घेतला.

अनुश्री म्हणाली, "आई, मेरे साथ पुणे चलो."

"नाई. मले इथं काम हाये."

"क्या काम?"

अनुश्री परतली, आणि पुढच्याच आठवड्यात वनमालाबाईंनी पांढऱ्या काठाचं पातळ नेसलं, चपला घातल्या आणि चालत गोल बाजारामागच्या त्या गल्लीत गेल्या. ज्या पदार्थांची नावं घेऊन त्यांना आयुष्यभर मार बसला होता, ते लागतात तरी कसे, हे त्यांना पाहायचं होतं.

पहिल्या दुकानात त्यांनी बडा मागवला. पानाच्या द्रोणात दोन बडे आले, वर टोमॅटोची लाल चटणी. त्यांनी तुकडा तोडला. वरून कुरकुरीत, आत मऊ, मीठ बरोबर, मिरं दाताखाली येणारं. त्यांनी सावकाश खाल्लं. खात्री करायची म्हणून आणखी एक प्लेट मागवली. मग द्रोण खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "सारखाच हाये."

"क्या हुआ माताजी?" बडेवाल्याने विचारलं.

"माह्यासारखाच हाये," त्या म्हणाल्या. बडेवाल्याला काही समजलं नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. ज्याच्यासाठी डोळा जाता जाता वाचला, त्या बड्यात आणि त्यांच्या बड्यात काडीचाही फरक नव्हता.

काही दिवसांनी त्या सावजी खानावळीत शिरल्या. तिथे एकटी बाई कधी येत नसे. टेबलांवरचे पुरुष घास थांबवून पाहू लागले. मालक गौतम पराते नागपूरकडचा, गल्ल्यावरून उठून आला.

"काकू, पार्सल का?"

"नाई. बसून खाईन."

"तिखट चालन ना पण?"

"आण तू."

रस्सा काळपट तांबडा होता, वर तेलाचा तवंग. पहिल्या घोटाला कानातून धूर निघाल्यासारखं झालं, आणि त्या झणक्याखाली भाजलेल्या मसाल्याची, खोबऱ्याची, खसखशीची चव हळूहळू वर आली. वनमालाबाईंच्या लक्षात आलं, की असा रस्सा त्यांना जन्मात जमला नसता. त्या माणसाचं म्हणणं खरं होतं. त्यांना वाटलं होतं की चारही ठिकाणी तो खोटा निघेल आणि आपलं मन शांत होईल. आता त्या स्वतःच्या मनगटावरच्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या डागाकडे पाहत बसल्या. रस्सा भारी होता. मग हात भाजला ते बरोबर होतं काय?

घरी येऊन त्यांनी यशवंतरावांचं जेवायचं ताट मांडणीवरून काढलं, अंगणात दगडावर ठेवलं आणि वरवंट्याने ठेचायला सुरुवात केली. स्टीलचं जाड ताट होतं. आवाज पाऱ्याच्या टोकापर्यंत गेला. त्याच्या कडा आत वळल्या, मध्ये भोक पडलं, तरी त्या थांबेनात. शर्मिष्ठाताई कुंपणावरून ओरडल्या, "वहिनी! काय करून राहिल्या?"

"भांडी घासून राहिली," वनमालाबाई धापा टाकत म्हणाल्या, आणि वरवंटा पुन्हा उचलला.

चील्याच्या दुकानात त्या सगळ्यांत शेवटी गेल्या. म्हणजे जिलेबी राहिलीच होती, पण चील्यानंतर त्या पुढे सरकल्याच नाहीत. दुकान निधी साहू नावाची बाई चालवत होती, तिशी ओलांडलेली, हसरी, वाऱ्यासारखे हात चालणारी. मोठा काळा तवा, समोर एक बाक. ती पातळ पीठ तव्यावर फेकायची तेव्हा त्याला जाळी पडायची, आणि कडा सुटल्या की सराट्याने एका झटक्यात चीला उलटा.

"का खाबे दाई?" निधीने छत्तीसगढीत विचारलं, काय खाणार आई.

"चीला. अजून काय असते तुह्याकडं?"

निधी हसली. चीला गरम, लुसलुशीत, सोबत टोमॅटो-लसणाची ठेचलेली चटणी. वनमालाबाईंनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. आपल्यापेक्षा बरा की वाईट, हे ठरवायचं त्यांना आठवलंच नाही. निधीने तिसरा वाढायला हात पुढे केला तेव्हा बाही वर सरकली. दंडावर चार बोटांचे निळे वळ होते, आणि अंगठ्याचा एक, मागच्या बाजूला. कसं धरलं की असे वळ उठतात, हे वनमालाबाईंना पाहताक्षणी समजलं.

त्या दिवसापासून त्या रोज दुपारी तव्यासमोरच्या बाकावर येऊन बसू लागल्या. खायच्या, निधीला लसूण सोलून द्यायच्या, तुमसरच्या गोष्टी सांगायच्या. निधी त्यांना दाईच म्हणे.

निधीचा नवरा भार्गव दुकानात काही करत नसे. दुपारी पिऊन यायचा, गल्ल्यातून हवं ते उचलायचा, जायचा. वनमालाबाईंनी त्याला पहिल्यांदा मारताना पाहिलं ते एका गिऱ्हाइकाशी निधी हसून बोलली म्हणून. तो काउंटरच्या आत गेला आणि त्याने तिच्या कानाखाली मारली. एक, मग दुसऱ्या बाजूने दुसरी. निधीने पदराने ओठ पुसला आणि तव्यावरचा चीला जळू नये म्हणून उलटवला. गल्लीत कुणी उठलं नाही. जिलेबीवाल्याने रेडिओ थोडा मोठा केला. बाकावरच्या माणसांनी द्रोणात खाली पाहून घास घेतले.

वनमालाबाईंनी घास द्रोणात परत ठेवला. त्या तशाच उठून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा निधी आधीच म्हणाली, "घर की बात है दाई. आप मन पे मत लो."

"मीबी हेच सांगत होती लोकाईले," वनमालाबाई म्हणाल्या.

निधीने मान वर केली. त्यांच्या भुवईकडे पाहिलं, मग मनगटाकडे. पुढ्यात चीला ठेवला, त्यावर तूप जास्त सोडलं.

त्यांनी गौतमला विचारून पाहिलं. "तुह्या भिंतीपलीकडं रोज चालते हे. तू काहून गप राह्यतं?"

गौतम ओशाळला. "काकू, नवराबायकोच्या मधात कोण पडन? आज आपण गेलो, उद्या ते दोघं एक होतेत. अन् आपण वाईट."

भाद्रपद आला. तीजा जवळ आली. छत्तीसगढात लग्न झालेल्या बाईचा हा माहेरचा सण. भाऊ घ्यायला येतो, आणि बाई कितीही म्हातारी असो, ती जाते. निधीच्या भावाने धमतरीहून निरोप पाठवला होता. निधीने लुगडी भरून पिशवी काउंटरखाली ठेवली होती. दुपारची गर्दी ओसरली की ती बसने निघणार होती. सकाळपासून ती गुणगुणत होती. वनमालाबाईंनी तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, त्या तिने लगेच हातात चढवल्या.

ऐन गर्दीत भार्गव आला. गल्ल्याकडे वाकला आणि त्याला पिशवी दिसली.

"ये का हे?"

"तीजा जाथँव. बताया तो था."

"दुकान कौन चलाएगा? तेरा बाप?"

"दो दिन बंद रहेगा तो कुछ नहीं..."

वाक्य पुरं झालं नाही. त्याने पिशवी उचलून गल्लीत फेकली, लुगडी चिखलात पसरली. मग त्याने निधीचा अंबाडा मुठीत धरला आणि तिचं डोकं तव्याकडे दाबायला लागला. निधीने दोन्ही हात तव्याच्या चौथऱ्यावर रोवले. नव्या बांगड्या फुटून पिठात पडल्या. "झन मार," मारू नको, एवढंच ती आपल्या बोलीत म्हणत होती, "झन मार, झन मार." तिची एक बट सुटून तव्याला लागली आणि केस जळाल्याचा वास सुटला. चेहरा तव्यापासून वीतभर होता. बाकावर चार-पाच माणसं होती. सगळी उभी राहिली, पण पाऊल कुणी टाकलं नाही.

वनमालाबाईंनी काय केलं ते त्यांनाही नंतर नीट सांगता येईना. सराटा तव्यावर पडलेला होता, तापलेला. तो त्यांच्या हातात आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर नेला आणि भार्गवच्या कानावर घातला.

ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. भार्गवची मूठ सुटली, निधी मागे कोसळली. तो वळला. कानातून रक्ताची धार निघून मानेवर उतरली होती. त्याने समोर एक म्हातारी पाहिली आणि क्षणभर त्याला काही समजलं नाही. वनमालाबाईंनी पुन्हा मारलं, या वेळी तोंडावर. नाकाचं हाड मोडलं. तो तोल जाऊन मागे गेला आणि त्याचा उजवा पंजा सबंध तव्यावर टेकला. किंकाळी गोल बाजारापर्यंत गेली असेल. हात उचलला तेव्हा तळव्याची कातडी तव्यालाच राहिली.

मग तो त्यांच्यावर आला. डाव्या हाताचा ठोसा त्यांच्या जबड्यावर बसला. त्यांना आपलं हाड मोडल्याचा आवाज आतून ऐकू आला. त्या बाकावरून मागे पडल्या, आणि त्याने बरगड्यांत लाथ घातली. तोंडात रक्त आणि तुटलेले दात. दुसऱ्या लाथेला त्यांनी पोटाशी पाय घेतले, कशी लाथ कुठे येते हे त्यांच्या अंगाला ठाऊक होतं.

तिसरी लाथ आली नाही. गौतम खानावळीतून धावत आला होता. त्याने भार्गवला मागून धरून गल्लीत ओढलं, आणि मग सगळी गल्लीच तुटून पडली. बडेवाला लांब दांड्याचा झारा घेऊन आला. गिऱ्हाइकांनी हेल्मेटं काढली. जिलेबीवाला पळीने मारत होता. इतके दिवस जे द्रोणात खाली पाहत होते, तेच आता भार्गवला लाथा घालत होते. तो चिखलात, निधीच्या लुगड्यांवर, पडला होता. आधी शिव्या देत होता, मग हात जोडत होता, मग नुसता कण्हत होता. कुणी फोन वर धरून चित्रण करत होतं.

वनमालाबाई जमिनीवरून पाहत होत्या. एका माणसाच्या डाव्या हातात अजून अर्धा चीला होता. तो एक लाथ मारायचा आणि एक घास खायचा. त्याचे डोळे चमकत होते. असे चमकणारे डोळे त्यांनी आपल्या घरात पाहिले होते. एकदा हात चालायला लागला, की मग त्याला कारण लागत नाही.

त्या रांगत पुढे गेल्या. पायांच्या मधून शिरल्या आणि भार्गवच्या अंगावर आडव्या पडल्या. कुणाचा तरी बूट त्यांच्या पाठीत बसला. हेल्मेट खांद्यावर आदळलं.

"अबे थांबा! काकू हाये खाली! काकू हाये!" गौतम ओरडला. त्याने दोघांना ढकललं, एकाच्या थोबाडीत मारली, तेव्हा कुठे गर्दी मागे सरली.

पुढे शर्मिष्ठाताईंनी त्यांना विचारलं, अशा माणसाची दया कशी आली. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे वनमालाबाई दातांमधूनच, एकेक शब्द काढत बोलल्या. "दया नाई आली. मेला असता तं निधीच्या कपाळी रंडकेपण, अन् मले जेल. अन् ते मारणारे हात धुऊन पुन्हा जेवाले बसले असते."

इस्पितळात पोलीस आला. तेव्हा वनमालाबाईंना अजून बोलता येत नव्हतं. त्याने विचारलं, "सराटा आपने चलाया?"

वनमालाबाईंनी मान हलवून हो म्हटलं.

"पहले आपने मारा? उसने आपको कुछ नहीं किया था?"

पुन्हा मान हलवली. शर्मिष्ठाताई बाजूला उभ्या होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, काहून हो हो करून राहिल्या?"

पण खरं तेच होतं. चित्रण गावभर फिरलं होतं, आणि ते सुरू होत होतं दुसऱ्या वारापासून. एक म्हातारी तापलेल्या सराट्याने एका माणसाचं तोंड फोडते, इतकंच त्यात दिसे. त्याआधी तव्यावर काय चाललं होतं ते कुणी टिपलं नव्हतं. भार्गवचा एक कान कायमचा गेला. उजवा पंजा आखडला. त्याच्या घरच्यांनी वनमालाबाईंवर तक्रार केली, आणि निधीला खोलीत कोंडून सांगितलं, की बुढिया वेडी आहे, उगाच अंगावर आली, असंच सांगायचं.

अनुश्रीने ते चित्रण पुण्यात पाहिलं. ऑफिसातल्या कुणीतरी हसत दाखवलं, आणि पडद्यावर तिची आई होती. ती मिळेल त्या गाडीने आली. खाटेपाशी उभी राहिली. आईचा सुजून निळा झालेला चेहरा बघून रडेल असं शर्मिष्ठाताईंना वाटलं होतं. ती रडली नाही.

"एक अनजान औरत के लिए? उसके लिए तुम सराटा उठा सकती थीं? पापा तुम्हें मारते थे, मुझे मारते थे, मैं अलमारी के पीछे छुपती थी. तब तुम्हारे हाथ नहीं थे क्या?"

वनमालाबाईंनी डोळे मिटले.

"बोलो ना! मैं आठ साल की थी, मेरा हाथ मरोड़ा था उन्होंने. तुम रोटी बेल रही थीं. तुम बेलती रहीं!"

"अनुश्री, अवो, तिले बोलता येत नाई," शर्मिष्ठाताई म्हणाल्या.

"उसे सुनना आता है," अनुश्री म्हणाली आणि बाहेर निघून गेली. व्हरांड्यात तिने भिंतीवर मूठ आपटली. बोटं सोलवटली तोपर्यंत आपटत राहिली.

पण ती पुण्याला गेली नाही. घरी आणल्यावर आईला नळीने पेज पाजायचं काम तिनेच केलं, गप्प राहून. तोंडाची तार निघाली त्या दिवशी वनमालाबाईंनी आपणहून विषय काढला.

"तू म्हणाली ते खरं हाये. मी लाटत राह्यली. मले वाटे, मी मधात आली तं तो तुले जास्त मारन. अन् कधी कधी वाटे, आज तुह्यावर गेला, म्हणजे माह्यावर येणार नाई." त्या थांबल्या. "हे शेवटचं बी खरं हाये."

अनुश्रीने वाटी खाली ठेवली. नंतर उठली आणि चहा करायला गेली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही, आणि वनमालाबाईंनी ते मागितलंही नाही.

निधी त्या आठवड्यातच आली. सासरची कडी भावाने येऊन तोडली होती, भावाच्या डोक्याला टाके पडले होते. एका बाजूचे केस जळालेले, त्यावर तिने ओढणी घेतली होती. ती वनमालाबाईंच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "मैं थाने से आ रही हूँ दाई. सब बता दिया. तवा भी, उसके पहले का भी. मेरी एक पसली दो बार टूटी है, वो भी."

तिच्या बोलण्याने प्रकरण फिरलं. गौतमनेही जबाब दिला, आढेवेढे घेत का होईना. भार्गव काही महिने आत राहिला, मग जामिनावर सुटला. वनमालाबाईंवरच्या खटल्यात त्याच्या घरच्यांनी शेवटी कोर्टाच्या परवानगीने समेट केला, कारण त्यांच्या वकिलाला निधीच्या खटल्याची जास्त काळजी होती. तो खटला अजून चालू आहे. समेटाच्या दिवशी न्यायाधीशांनी वनमालाबाईंना विचारलं, काही सांगायचं आहे का. त्या म्हणाल्या, "मारलं मी. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा मले बरं वाटलं होतं. त्याचीच भीती वाटते." वकिलाने घाईघाईने त्यांना खाली बसवलं.

निधीने जुनी गल्ली सोडली. शंकर नगरात ऑफिसांच्या रस्त्यावर ठेला लावला. दुपारी रांग लागते. वनमालाबाईंचा जबडा वाकडा जुळला, कडक काही चावता येत नाही, पण चीला चालतो. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात.

गेल्या हिवाळ्यात अनुश्री सुटीवर आली होती. दोघी ठेल्यावर होत्या. निधीचा हात पीठ ओतता ओतता अचानक थांबला. रस्त्याच्या पलीकडे भार्गव उभा होता. वाळला होता. उजवा पंजा पोटाशी धरलेला, पक्ष्याच्या नखीसारखा. डाव्या हातात बाटली होती, तिच्यात काय आहे ते दिसत नव्हतं.

वनमालाबाई उठल्या. अनुश्रीने "आई!" म्हणेपर्यंत त्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या. त्याच्यासमोर हातभर अंतरावर थांबल्या. त्याच्या छातीपर्यंतच पोहोचत होत्या.

"बोतल में क्या है?"

त्याने चांगला कान पुढे केला. "तुमने मेरा कान ले लिया अम्मा. हाथ ले लिया."

"हव. लिया. बोतल में क्या है?"

त्याच्या जबड्याची हाडं हलली. त्याने बाटली उचलली, आणि पलीकडे अनुश्री किंचाळली. त्याने ती रस्त्यावर आपटली. काचा वनमालाबाईंच्या पायांवर उडाल्या, घोट्यापासून रक्त आलं. वास नुसत्या दारूचा होता. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग थुंकला आणि दारू भट्टीच्या दिशेने चालायला लागला. वळून वळून पाहत होता.

वनमालाबाई फुटपाथच्या कडेवर बसल्या. अनुश्री गाड्या चुकवत पोहोचली आणि तिने आईच्या दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं. "पागल हो क्या? तेजाब होता तो? मार देता तो?"

"मारलं असतं," वनमालाबाई म्हणाल्या.

अनुश्रीने आपली ओढणी फाडून त्यांच्या घोट्याला बांधली. गाठ इतकी घट्ट मारली की वनमालाबाई कळवळल्या. मग तिने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि दोघी हळूहळू रस्ता ओलांडून परत आल्या. तव्यावरचा चीला जळून काळा झाला होता. निधी अजून तशीच उभी होती, पळी हातात, पीठ तिच्या पायांवर ठिबकत होतं. रांग मोडली नव्हती. पुढचा माणूस घड्याळात बघत म्हणाला, "दीदी, मेरा दो बोला था, पहले का."

निधीने त्याच्याकडे पाहिलं. सराट्याने तवा खरवडून काढला, जळका चीला रस्त्यावर त्याच्या बुटांपाशी फेकला आणि ठेल्याचा गॅस बंद केला.